प्रश्न तुमचे : धुळीचा कण गोल नसतो, मग उजेडाचं काय होतं?

मागच्या अंकात आकाशाच्या निळेपणाबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले आणि गंमत म्हणजे त्यातले बहुतेक हवेबद्दल नव्हते, धुळीबद्दल होते. म्हणून यावेळचा सगळा कॉलम धुळीलाच देतेय. माझ्या फार जवळचा विषय आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ठाण्याला राहतो, लँडस्केप फोटोग्राफी करतो. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून फिरवला की आकाशाचा एक पट्टा छान गडद निळा होतो. पण जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून धुळीचं वादळ येऊन मुंबईवर पसरलं होतं ना, त्या दिवशी फिल्टर कितीही फिरवला तरी काहीच फरक पडत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात तोच फिल्टर परत नीट चालला. धुळीने नेमकं काय केलं?

फिल्टर ठीकच होता, त्या दिवशी आकाशातून येणाऱ्या उजेडात फिल्टरने पकडावं असं काही फारसं उरलंच नव्हतं.

दोरीचं एक टोक खिडकीला बांधून दुसरं हाताने हलवलं तर दोरी वर-खाली हलते, नाहीतर आडवी हलते, किंवा मधल्या कुठल्यातरी तिरक्या दिशेने हलते, प्रकाशाच्या लाटेलाही अशी एक हलायची दिशा असते. सूर्यावरून थेट येणाऱ्या उजेडात सगळ्या दिशांची सरमिसळ असते, म्हणजे तो पोलराइज्ड नसतो. हा उजेड हवेच्या रेणूवर पडला की रेणूतले इलेक्ट्रॉन त्या लाटेबरोबर हलायला लागतात आणि स्वतः सगळीकडे प्रकाश फेकतात. आता तुम्ही सूर्यापासून बरोबर ९० अंशावरचं आकाश बघताय असं धरा. इलेक्ट्रॉनचं जे हलणं तुमच्या नजरेच्या रेषेतच आहे त्याचा प्रकाश तुमच्याकडे येतच नाही, फक्त आडव्या हलण्याचा येतो, म्हणून तिथला उजेड जवळजवळ एकाच दिशेने हलणारा असतो. तुमचा गडद पट्टा तो हाच. आकाशाचा उजेड पोलराइज्ड असतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ आरागोने १८०९ मध्येच बघितलं होतं आणि छोट्या कणांचं गणित लॉर्ड रेलेने १८७१ पासून मांडलं. त्याच गणितात निळा रंग लाल रंगापेक्षा कितीतरी जास्त विखुरतो हेही येतं, ४५० नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) लांबीच्या लाटेचा निळा आणि ७०० चा लाल घेतला तर जवळपास सहापट.

अगदी १०० टक्के पोलरायझेशन मात्र कधी मिळत नाही. चांगल्या स्वच्छ हवेत ७०-८० टक्के म्हणजे खूप झालं. एकदा विखुरलेला उजेड पुन्हा दुसऱ्या रेणूवर आपटतो, जमिनीवरून परत वर जातो, त्यात दिशा मिसळत जातात. आणि अजून एक कारण आहे जे मला फार आवडतं, नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणूच मुळात गोल नाहीत, दोन-दोन अणूंच्या जोड्या आहेत, एवढ्यानेच ९० अंशावरचं पोलरायझेशन १०० वरून ९४ च्या आसपास येतं. म्हणजे आकाराचा, गोल असण्या-नसण्याचा हिशोब इथे रेणूपासूनच सुरू होतो.

आता धूळ. हवेचा रेणू प्रकाशाच्या लाटेपेक्षा हजारपटींनी लहान असतो, पण लांबून उडत आलेल्या धुळीचे कण साधारण एक ते दहा मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटेची लांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. म्हणजे कण लाटेएवढा किंवा लाटेपेक्षा मोठा. मग कणाच्या एका टोकावरून निघालेली लाट आणि दुसऱ्या टोकावरून निघालेली लाट एकमेकींत मिसळतात, काही दिशांना जोर वाढतो, काही दिशांना एकमेकींना मारतात, त्यामुळे बराचसा उजेड पुढच्याच दिशेने जातो, सगळे रंग जवळजवळ सारखे विखुरतात (म्हणून ते दुधट पांढरं आकाश) आणि ९० अंशावरची ती शिस्त मोडते. टिंडलने १८६९ मध्ये काचेच्या नळीत वाफेपासून बारीक कण वाढवत नेऊन हेच पाहिलं होतं, कण अगदी बारीक असताना निळा रंग आणि जोरदार पोलरायझेशन, कण मोठे होत गेले तसा निळा पांढरा झाला आणि पोलरायझेशनही उतरत गेलं. तुम्ही त्या दिवशी ठाण्याच्या आकाशात तेच पाहिलंत.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सी फिजिक्सला आहे, औरंगाबाद. स्कॅटरिंग शिकताना आम्हाला रेले झालं की थेट मी-थिअरी (गुस्ताव मी या शास्त्रज्ञाची) शिकवतात आणि ती गोल कणांसाठी आहे. सरांना विचारलं की धूळ कुठे गोल असते, तर ते म्हणाले की खूप कण कुठल्याही दिशेने फिरलेले असतात तेव्हा सरासरी गोलच धरायचा. हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे, आणि जे अर्धं चुकतं तेच महत्त्वाचं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

गुस्ताव मीने १९०८ मध्ये सोन्याच्या बारीक कणांच्या द्रावणाचे रंग समजून घ्यायला ते गणित केलं. गोलावर ते सुटतं कारण गोल कुठूनही बघा सारखाच, मॅक्सवेलची (म्हणजे वीज-चुंबकत्वाची) समीकरणं स्वच्छ वेगवेगळी मांडता येतात आणि उत्तर एका मालिकेत हातात येतं. ढगातल्या पाण्याच्या थेंबांना ते चपखल बसतं. पण वाळवंटातला धुळीचा कण म्हणजे फुटलेला दगड, त्याला कोपरे आहेत, खाचा आहेत, चपट्या बाजू आहेत, कधी दोन-चार खनिजं एकमेकांना चिकटलेली आहेत.

सरांचं म्हणणं कुठे चालतं ते आधी. कणाच्या अगदी पुढच्या दिशेला, म्हणजे उजेड जिथून आला त्याच्या सरळ रेषेच्या आसपास, जे विखुरणं होतं ते मुख्यतः कणाची सावली केवढी यावर ठरतं, त्याच्या कोपऱ्यांवर नाही. तिथे गोल धरला तरी फार बिघडत नाही. पण जसजसं बाजूला आणि मागे जावं तसं गोल कण आणि वेडावाकडा कण यांचं वागणं पार वेगळं होतं. गोलाच्या आत शिरलेला किरण मागच्या भिंतीवर आपटून ठरावीक कोनातून बाहेर येतो, इंद्रधनुष्य त्यातूनच होतं, पाण्याच्या थेंबासाठी सरळ पुढच्या दिशेपासून सुमारे १३८ अंशावर, आणि तिथला उजेड जोरदार पोलराइज्ड असतो. बरोबर मागच्या दिशेलाही गोलावरून एक चमक येते, विमानातून खाली ढगावर विमानाच्या सावलीभोवती रंगीत कडी दिसतात ती त्यामुळे. हे सगळं होतं ते आकार अचूक गोल असल्यामुळे. आकार जरा बिघडवला की वेगवेगळ्या कणांत किरण वेगवेगळ्या वाटांनी जातात, ते ठरावीक कोन पुसले जातात आणि कोणत्या कोनाला किती उजेड हे दाखवणारा आलेख सपाट होतो. आणि कण कितीही दिशांनी फिरवून सरासरी काढली तरी त्या सरासरीतून गोलाचा आलेख निघत नाही. तुझ्या सरांना हेच सांगायचं, सरासरी घ्यायची ती विखुरलेल्या उजेडाची, कणाच्या आकाराची नाही, या दोन गोष्टी एक नाहीत.

ढोबळ सांगायचं तर वेड्यावाकड्या धुळीचे कण बाजूच्या दिशांना तेवढ्याच गोलांपेक्षा जास्त उजेड फेकतात आणि जवळजवळ मागच्या दिशेला कमी. आता सॅटेलाइट वरून खाली बघतो तेव्हा त्याला नेमका बाजूचा आणि मागचाच उजेड मिळतो. तिथे धूळ गोल धरून हिशोब केला तर हवेत धूळ किती आहे याचं उत्तरच चुकतं, आणि ते उत्तर पुढे हवामानाच्या मॉडेलमध्ये जातं. म्हणूनच जगभरच्या जमिनीवरच्या केंद्रांच्या मोजमापात नंतर गोलाऐवजी लांबट-चपट्या लंबगोलांचं मिश्रण धरायला लागले. लंबगोल म्हणजे काही खरी धूळ नव्हे, पण गोलाचा हट्ट सोडला एवढ्यानेच खूप सुधारणा झाली.

खऱ्या आकाराचं गणित करायचं तर? १९७३ मध्ये पर्सेल आणि पेनिपॅकर यांनी एक रस्ता दाखवला (हा पर्सेल म्हणजे अणुकेंद्रांचं चुंबकत्व मोजायच्या एनएमआर पद्धतीसाठी १९५२ चं नोबेल मिळालेला). कणाच्या जागी हजारो बारीक ठिपके धरायचे, प्रत्येक ठिपका म्हणजे एक छोटा डायपोल (लाटेबरोबर हलणारी धन-ऋण विद्युतभाराची जोडी), प्रत्येकावर बाहेरची लाट पण येते आणि बाकीच्या सगळ्या ठिपक्यांची पण, सगळ्यांची समीकरणं एकत्र सोडवायची. आकार कसाही चालतो, हीच त्याची ताकद. पुढे ड्रेन आणि फ्लाटाव यांनी याचा प्रोग्राम सगळ्यांना फुकट दिला, डीडीस्कॅट नावाचा, तू कॉलेजच्या कॉम्प्युटरवरसुद्धा छोट्या कणासाठी चालवू शकतोस, जरूर चालवून बघ. अडचण एवढीच की कणाची लांबी दुप्पट केली की ठिपके आठपट लागतात, आणि मग तो कण शेकडो दिशांनी फिरवायचा, वेगवेगळे शेकडो आकार घ्यायचे, मोठ्या कणांना मोठे कॉम्प्युटरसुद्धा दमतात.

कॉम्प्युटर इतके तगडे नव्हते तेव्हा एक भन्नाट उपाय लोकांनी केला होता. या गणितात कण केवढा यापेक्षा कण आणि लाट यांचं प्रमाण महत्त्वाचं असतं. मग कण बारीक आणि लाट बारीक घेण्यापेक्षा दोन्ही मोठे का घेऊ नयेत? मेयो ग्रीनबर्ग यांनी अमेरिकेत काही सेंटिमीटरचे वेडेवाकडे नमुने बनवून त्यांच्यावर मायक्रोवेव्ह सोडल्या, आणि अंतराळातल्या मायक्रॉनभर कणाचं उत्तर टेबलावर मोजलं. मला वाटतं या विषयातली इतकी सुंदर कल्पना दुसरी नाही.

आणि तिसरा रस्ता म्हणजे सरळ खरी धूळ घेऊन मोजणं. आधी ॲमस्टरडॅमला आणि नंतर स्पेनमध्ये ग्रनाडाला अशी प्रयोगशाळा उभी राहिली, तिथे धुळीचा बारीक झोत हवेत सोडतात, त्यावर लेझर टाकतात आणि डिटेक्टर गोल रिंगवरून फिरवत एकेका कोनाला किती उजेड आणि कसा पोलराइज्ड ते टिपतात. सहारातली धूळ, ज्वालामुखीची राख, फेल्डस्पार, चिकणमाती, उल्केचं पीठ, असं काय काय मोजून आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. त्यात दिसलं ते असं, की धूळ कुठलीही असो, आलेखांची ठेवण आश्चर्य वाटावं इतकी सारखी. ९० ते ११० अंशांच्या आसपास पोलरायझेशनचा एक गुळगुळीत उंचवटा आणि अगदी मागच्या दिशेजवळ एक छोटा उलटा खळगा. गोलांचे आलेख असे कधी येत नाहीत, त्यांना खूप चढउतार असतात.

उलट बाजूनेही हे कामी येतं. शुक्राच्या ढगांचा उजेड पोलरायझेशनमधून तपासला तर त्यात इंद्रधनुष्याच्या कोनाला उठाव दिसतो, धुळीसारखा सपाट आलेख नाही. त्यावरून हॅन्सन आणि होवेनियर यांनी १९७४ मध्ये दाखवलं की ते कण गोलच आहेत म्हणजे थेंब आहेत, त्रिज्या १.०५ मायक्रॉन, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचा आकडा) १.४४, आणि हे आकडे सल्फ्युरिक ॲसिडला बसतात, पाण्याला बसत नाहीत. नुसत्या उजेडाच्या हलायच्या दिशेवरून इथे बसून शुक्रावर ॲसिडचे ढग आहेत हे पक्कं झालं!

प्रश्न : तुम्ही मागच्या लेखात "उलटं" म्हणालात ते निगेटिव्ह पोलरायझेशन का? आमच्या कोल्हापूरच्या खगोल ग्रुपमध्ये धूमकेतूंवर बोलताना हा शब्द आला होता, कोणालाच नीट सांगता आलं नाही. आणि चंद्राशी त्याचा काय संबंध?

(तुम्ही माझा मागचा लेख वाचून विचारलंय, पण प्रश्न इथे अगदी वेळेवर आलाय.)

सूर्य, कण आणि आपण, या तिघांमधून एक पातळी जाते. साधारणपणे विखुरलेला उजेड त्या पातळीला काटकोनात हलतो, त्याला पॉझिटिव्ह म्हणतात. पण सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागे असेल, म्हणजे पौर्णिमेच्या जवळपासचा चंद्र किंवा आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असलेला धूमकेतू, तेव्हा उजेड त्या पातळीतच हलतो. थोडाच असतो, चंद्राला एक टक्क्याच्या आसपास, धूमकेतूंना दीड-दोन टक्के, पण मोजता येतो. सूर्य-कण-आपण हा कोन २०-२५ अंशांच्या वर गेला की पुन्हा पॉझिटिव्ह होतो.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते बर्नार ल्यो या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने, त्याचा प्रबंध १९२९ चा. त्याने चंद्राचा आलेख काढला आणि मग प्रयोगशाळेत एकेक पदार्थ घेऊन तसाच आलेख कशाचा येतो ते बघत बसला. गुळगुळीत दगडांचा आला नाही, ज्वालामुखीच्या राखेचा आला. म्हणजे चंद्र बारीक, गडद, खरबरीत भुकटीने झाकलेला आहे हे त्याने माणूस चंद्रावर उतरायच्या ४० वर्षं आधी सांगितलं, आणि १९६९ मध्ये अपोलोवाल्यांच्या बुटांना लागली ती तीच भुकटी.

हे उलटं का होतं, याचं एक चांगलं पटणारं कारण असं. उजेडाची एक लाट आधी कण एकवर मग कण दोनवर आपटून परत येते, दुसरी तीच वाट उलट्या क्रमाने चालते, आधी दोन मग एक. बरोबर मागच्या दिशेला दोघींचा रस्ता तंतोतंत सारखा असतो म्हणून त्या एकमेकींना जोर देतात, जरा कोन बदलला की हे जमणं काही जोड्यांना टिकतं आणि काहींना टिकत नाही, आणि टिकणाऱ्या नेमक्या उलट पोलरायझेशनच्या असतात. अशी जोडी जमायला शेजारचा वेगळा कणच हवा असं नाही, एकाच कणाच्या दोन कोपऱ्यांमध्येसुद्धा हे होतं, म्हणून हवेत सुट्या उडणाऱ्या धुळीतही तो खळगा दिसतो.

धूमकेतूंचा आलेख जवळजवळ तसाच, २२ अंशांच्या आसपास उलटं संपतं आणि ९०-१०० अंशांच्या आसपास कमाल, काहींची १० टक्के तर काहींची २५-३०. यावरून आधीपासून अंदाज होता की धूमकेतूची धूळ म्हणजे मायक्रॉनपेक्षा लहान कणांचे पोकळ, विस्कटलेले झुबके असणार. मग २०१४ ते २०१६ रोझेटा यान धूमकेतू ६७पीच्या सोबत फिरलं, तिथली धूळ गोळा करून यानातच सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर झुबकेच निघाले. २०१९ मध्ये दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला बोरिसोव्ह धूमकेतू दिसला, त्याचं पोलरायझेशन आपल्याकडच्या नेहमीच्या धूमकेतूंपेक्षा जास्त भरलं, आपल्यातला फक्त हेल-बॉप त्याच्या जवळ जातो. ही मापं काढायची सोय आपल्या जवळही आहे, जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाचा (पुण्याची खगोलशास्त्राची संस्था) २ मीटरचा टेलिस्कोप आहे त्यावर, आणि माउंट अबूला पीआरएलच्या (अहमदाबादची संशोधन संस्था) टेलिस्कोपवर. तुमचा ग्रुप पुण्याला जाणार असेल तर आयुकाच्या विज्ञान दिनाला जा आणि हा प्रश्न तिथे जरूर विचारा.

अजून एक गोष्ट याच्याशी जोडलेली. रशियन शास्त्रज्ञ उमोव्हने १९०५ मध्ये सांगितलं की भुकटी जेवढी गडद तेवढं पोलरायझेशन जास्त, कारण पांढऱ्या भुकटीत उजेड इकडून तिकडे खूप वेळा आपटून दिशा विसरतो, गडद भुकटीत दुसऱ्या-तिसऱ्या आपटण्याआधीच गिळला जातो. म्हणजे लघुग्रहाचं पोलरायझेशन मोजलं की तो किती गडद ते कळतं, आणि किती गडद हे कळलं की दिसणाऱ्या तेजावरून तो केवढा तेही काढता येतं. अपोफिस या लघुग्रहाचा आकार २००७ मध्ये असाच काढला, सुमारे २७० मीटर, पुढे रडारने तो ३४० च्या जवळ नेला. अपोफिस १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार आहे, धडकणार नाही, पण नुसत्या डोळ्यांना दिसेल इतक्या जवळून.

प्रश्न : बातम्यांत सॅटेलाइटचे नकाशे दाखवतात, इथे धूर, इथे धूळ, इथे ढग. वरून तर सगळं धुरकटच दिसत असणार, मग वेगळं कसं ओळखतात? – नागपूर

बऱ्याच पद्धती आहेत, पण कणाच्या आकारावर चालणारी सांगते. सॅटेलाइटवरून खाली लेझरचे पल्स सोडायचे, एकाच दिशेने हलणाऱ्या उजेडाचे, आणि परत आलेला उजेड त्याच दिशेने हलतोय की दिशा बिघडली ते बघायचं. गोल कणावरून सरळ मागे आलेला उजेड आपली दिशा सोडत नाही. वेडावाकडा कण ती बिघडवतो. धुळीवरून परत आलेल्या हिरव्या लेझरमध्ये काटकोनातला भाग मूळ दिशेच्या भागाच्या साधारण ३० टक्के असतो, पराळीच्या किंवा जंगलाच्या आगीच्या धुरात बहुतेक वेळा अगदी थोडा, कारण धुराच्या कणांवर ओलसर थर बसून ते गोल होत जातात. अमेरिका आणि फ्रान्सच्या कॅलिप्सो सॅटेलाइटने २००६ पासून २०२३ पर्यंत हे काम केलं, आणि थर किती उंचीवर आहे तेही सोबत सांगितलं. बर्फाचे स्फटिकही गोल नसतात म्हणून उंच ढग यात धुळीसारखे दिसू शकतात, तिथे उंची आणि तापमान बघून सोडवावं लागतं. थर दाट असला तर थेंबांवरही उजेड अनेकदा आपटून दिशा बिघडते, त्याचाही हिशोब ठेवावा लागतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नासाने पेस सॅटेलाइट सोडला, त्यावर लेझर नाही पण पोलरायझेशन मोजणारी दोन उपकरणं आहेत, एकच जागा वेगवेगळ्या कोनांतून बघतात. मला स्वतःला हे फार आधी व्हायला हवं होतं असं वाटतं, नुसत्या तेजावर धुळीचा हिशोब करण्यात खूप वर्षं गेली.

प्रश्न : अंतराळातल्या धुळीमुळे एक मोठा शोध फसला होता असं ऐकलंय, खरं का? – बेळगाव

हो, बायसेप-२ या प्रयोगाबद्दल ऐकलं असणार. आधी मागचं थोडं. हॉल आणि हिल्टनर यांनी १९४९ मध्ये दाखवलं की लांबच्या ताऱ्यांचा उजेड काही टक्के पोलराइज्ड असतो. तारा स्वतः असा उजेड देत नाही, वाटेतली धूळ तो तसा करते. धुळीचे लांबट कण स्वतःभोवती फिरत असतात आणि आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे एका शिस्तीत उभे राहतात, मग लांबीच्या दिशेने हलणारा उजेड ते जास्त अडवतात, आडवा त्या मानाने सुटतो. कण गोल असते तर हे कधीच झालं नसतं, ते कसेही उभे राहिले तरी सगळ्या दिशांचा उजेड सारखाच अडला असता. आकाशगंगेचं चुंबकीय क्षेत्र कुठे कसं वळलंय ते बऱ्याच अंशी यातूनच कळलं.

हीच धूळ थंड असली तरी मायक्रोवेव्हमध्ये स्वतः थोडी उजळते आणि तो उजेडही पोलराइज्ड असतो. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ टीमने जाहीर केलं की विश्वाच्या सुरुवातीच्या गुरुत्वलहरींची खूण पोलरायझेशनमध्ये सापडली. प्लँक सॅटेलाइटचे धुळीचे नकाशे आल्यावर, २०१५ च्या सुरुवातीला दोन्ही टीमनी मिळून तपासलं, तर तो सिग्नल आकाशगंगेतल्या धुळीने समजावता येतो हे स्पष्ट झालं. त्या टीमने कामात कुचराई केली असं मला वाटत नाही, त्यांच्याकडे तेव्हा एकाच फ्रिक्वेन्सीचं चांगलं माप होतं आणि धूळ ओळखायला अनेक लागतात. त्यानंतर धुळीचं पोलरायझेशन ताऱ्याताऱ्याला मोजून त्रिमितीत नकाशा काढायचं काम सुरू झालं, पॅसिफे नावाचं, आणि त्यासाठीचं वॅलॉप हे उपकरण घडवायचं काम पुण्यात आयुकाने हाती घेतलं.

प्रश्न : ताई, मी आठवीत आहे, सातारा. पोलरायझेशन घरी बघता येईल का? माझ्या बाबांचा पोलराइज्ड गॉगल आहे.

नक्की येईल, गॉगल आहे म्हणजे मुख्य सामान झालंच! आधी गॉगल मोबाईलच्या किंवा कॉम्प्युटरच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरव, स्क्रीन काळी किंवा अंधूक होत गेली तर गॉगल खरा पोलराइज्ड आहे. मग सरळ भिंतींच्या काचेच्या भांड्यात पाणी घे, खोलीत अंधार कर, एका बाजूने टॉर्च आडवा लाव आणि पाण्यात फॅट नसलेल्या दुधाचे एक-दोन थेंब टाक. साय असलेलं दूध नको, त्यातले फॅटचे गोळे मोठे असतात आणि मजा लवकर बिघडते. बाजूने बघितलंस की टॉर्चचा झोत थोडा निळसर दिसेल. आता गॉगल डोळ्यासमोर धरून फिरव, झोत उजळ आणि अंधूक होत राहील. मग टॉर्चच्या जवळजवळ समोरून तिरकं बघ, तिथे फिरवून फरक कमी पडतो. मग एकेक थेंब दूध वाढवत जा आणि प्रत्येक वेळी फिरवून बघ, फरक कधी दिसेनासा होतो ते वहीत लिही.

बाहेर बघायचं असेल तर शुद्ध अष्टमीच्या आसपास दुपारी अर्धा चंद्र आकाशात असतो तेव्हा त्याच्या भोवतीचं आकाश गॉगलमधून बघ, अर्धा चंद्र सूर्यापासून ९० अंशांवर असतो म्हणून तिथलं आकाश सगळ्यात जास्त गडद होतं. सूर्याकडे मात्र गॉगल लावूनसुद्धा कधीच बघायचं नाही. आणि हाच प्रयोग पावसाळा संपल्यावर धुतलेल्या हवेत एकदा आणि मार्च-एप्रिलमध्ये धूळ असताना एकदा कर, दोन्हींत काय फरक दिसला ते मला लिहून पाठव, पुढच्या अंकात छापू.